ठाकूरद्वार बुद्रुक

इंग्लंडात पंचवीस उंबऱ्यांची वस्ती असली, तरी तिला स्वतःचं इतिहास मंडळ असतं. मंडळाला अध्यक्ष असतो, खजिनदार असतो आणि वर्षाकाठी निघणारी एक घडीची पुस्तिका असते. पुस्तिका बहुधा १०८६ सालापासून सुरू होते. त्या साली विल्यम राजानं देशभरच्या जमिनीची मोजदाद करून 'डूम्सडे बुक' नावाचं दप्तर तयार केलं आणि त्यात गावाचं नाव सापडतं. नांगर किती, गिरण्या किती, डुकरं चारायला रान किती, सगळं टिपलेलं. मग मधली आठशे वर्षं गाळून एकदम १८८७ साल उगवतं. व्हिक्टोरिया राणीला गादीवर बसून पन्नास वर्षं झाली म्हणून गावानं वर्गणी काढून हापसा बसवला, ही त्यापुढची ठळक घडामोड. हापशाला आता पाणी येत नाही; पण त्याला नेमानं हिरवा रंग लागतो आणि पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात.

हे वाचून मुंबईच्या गिरगावातल्या ठाकूरद्वारच्या माणसाच्या पोटात दुखतं. हापसा म्हणे! आमच्या चाळीतल्या सार्वजनिक नळावर जेवढा इतिहास घडला, तेवढा त्यांच्या उभ्या परगण्यात घडला नसेल. फक्त त्याची पुस्तिका कुणी काढली नाही, कारण काढली असती तर अब्रूनुकसानीचे दावे लागले असते.

इंग्रजांचा एक जुना दंडक आहे. वस्तीत चर्च असेल तर ते खेडं, नसेल तर नुसती वाडी. हा दंडक इथं लावायला गेलं की पंचाईत होते. ठाकूरद्वारच्या आसपासचे नुसते राम मोजले, तरी गोरा राम आहे, काळा राम आहे आणि झावबांचा राम आहे. (गोऱ्या-काळ्याचं काही भांडण नाही, रामनवमीला सुंठवडा दोघांकडे सारखाच.) फणसवाडीत दाक्षिणात्य थाटाचा व्यंकटेश आहे. पलीकडे सेंट तेरेसाचं चर्च आहे. देवाला मूर्तीच नको म्हणणाऱ्यांची सोयसुद्धा गावातच झालेली आहे. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला आणि १८७५ साली गिरगावातच आर्य समाज स्थापन झाला. एका नाक्याचं नाव तर आजही 'प्रार्थना समाज' आहे. कंडक्टर ते नाव ज्या सुरात ओरडतो त्यात मात्र प्रार्थना ऐकू येत नाही. एवढी देवळं धरली तर इंग्रजी हिशेबानं आम्ही खेडं नव्हे, तालुका भरतो.

तरीही मी ठाकूरद्वारला गावच म्हणतो. जरा आजूबाजूचे पत्ते वाचून बघा. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, पिंपळवाडी, गायवाडी. एखाद्या कोकणातल्या जमीनदाराच्या उताऱ्याची नक्कल हातात आल्यासारखं वाटतं. आणि कधीकाळी ती बागायतच होती. मलबार टेकडीच्या पायथ्यापासून पसरलेल्या नारळी-आंब्याच्या वाड्या, मधूनमधून भाताची खाचरं, आणि पश्चिमेला समुद्र. पुढं मुंबईत गिरण्या आल्या, कचेऱ्या आल्या, कोकणातून बोटी भरभरून माणसं आली. झाडं तोडून तिथं चाळी लावल्या, आणि झाडांची नावं चाळींना ठेवून दिली. आज फणसवाडीत फणस दिसला तर तो हातगाडीवर असतो. गायवाडीत गाय शोधायला जाऊ नये. कांदेवाडीत हल्ली लग्नपत्रिका पिकतात. गणपतीच्या शिक्क्यासह, पाहिजे त्या भावात, हंगाम तुळशीच्या लग्नानंतर. आणि कुठल्याही वाडीत जन्मलेला असो, शेवटी माणूस जातो चंदनवाडीत. चंदन तिथंही नाही. पण जागेवरून भांडण होत नाही अशी गिरगावातली ती एकमेव वाडी.

इंग्रजांशी आमचा संबंध सोयरिकीतून आला. १६६१ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचं पोर्तुगालच्या कॅथरिनशी लग्न ठरलं, तेव्हा करारात मुंबई आंदण म्हणून लिहून दिली गेली. जावयाला आंदण काही फारसं मानवलं नाही. १६६८ साली त्यानं सगळं बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकलं. मालक सातासमुद्रापलीकडे, भाडं नाममात्र, आणि भाडेकरू हलायचं नाव घेत नाही! १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या आधारानं तीन पिढ्या काढलेल्या गिरगावकराला यात नवल वाटावं असं काहीच नाही. उलट तो विचारतो, "पागडी किती दिली होती?" दहा पौंडाच्या भाडेकरूनं पुढं अख्खा देश बळकावला, ही गोष्ट आमच्या घरमालकांना कुणीतरी सांगितली. तेव्हापासून ते आमच्या तिसऱ्या मजल्याकडे संशयानं बघतात.

इंग्रजी खेड्याला गायरान लागतं. त्यावर गावातली कुणाचीही गाय चरते, आणि रविवारी पांढऱ्या कपड्यातली माणसं तिथंच क्रिकेट खेळतात. आमचंही गायरान होतं, आणि त्याची हकिगत पुस्तिकेत घालण्याजोगी आहे. इंग्रज जमीनदारांनी आपल्या देशात गायरानांना कुंपणं घालून, त्यासाठी संसदेत कायदे करून, हात चांगला बसवला होता. १८३८ साली मुंबईत गुरं चारण्यावर फी बसली. मोकळ्या रानात तोंड लावलं की पैसे. गवळी आणि गुरं राखणारे गरीब लोक हवालदिल झाले. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे वीस हजार रुपये मोजून ठाकूरद्वारजवळ समुद्राच्या अंगाला गवताळ जमीन घेतली आणि तिथं गुरांना फुकट चरायची मुभा दिली, असं सांगतात. ती चरणी. पुढं तिच्या कडेनं रेल्वे गेली, स्टेशन झालं, त्याचं नाव चर्नी रोड.

इंग्लंडात एवढी गोष्ट असती तर गायीचा पुतळा उभा राहिला असता, वर्षातून एकदा सर जमशेटजींच्या नावानं केकची स्पर्धा झाली असती. आम्ही तिथं रोज सकाळी नऊच्या लोकलची वाट बघत उभे असतो आणि पुढच्या माणसाला म्हणतो, "काय गुरासारखे ढकलताय?" गाई गेल्या, पण समुद्राच्या अंगाला चरायची परंपरा अखंड चालू आहे. संध्याकाळी चौपाटीवर शेवपुरी, कुल्फी आणि भेळ यांवर जी तोंडं चालतात, त्यांच्यावर फी बसवायला १८३८ चं सरकार हवं होतं.

आता खऱ्या वाडीकडे येतो. ठाकूरद्वारहून प्रार्थना समाजाच्या दिशेनं जाताना एक गल्ली आत वळते. रस्त्यावरच्या बसचा आवाज चार पावलांत मागे पडतो आणि समोर लाकडी घरं येतात. दुमजली, उतरत्या छपरांची, पुढं पडवी, अंगाबाहेरून चढणारा लाकडी जिना, कठड्याला निळा किंवा लाल रंग. कुठं दारावर क्रूस, कुठं तुळस. ही खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीला दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांनी ती वसवली आणि तिच्यातल्या जागा ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकल्या. म्हणजे खोत हिंदू, घरं बांधली पोर्तुगीज वळणाची, त्यांत राहणारे मराठी बोलणारे कॅथलिक, राज्य इंग्रजांचं. एवढं सगळं एका गल्लीत, आणि गल्ली अशी की समोरून छत्री आली तर आपली मिटावी लागते.

या ईस्ट इंडियन मंडळींची कथा ऐकण्यासारखी आहे. ही इथलीच माणसं, मुंबई-ठाणे-वसईकडची, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेली. पुढं गोव्याहून ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले तेव्हा साहेबाला दोघांतला फरक कळेना. म्हणून १८८७ साली, राणीच्या त्याच सुवर्णमहोत्सवाचा मुहूर्त साधून, यांनी स्वतःला कंपनीचं नाव लावून घेतलं. म्हणजे तिकडच्या खेड्यानं महोत्सवाला हापसा बसवला आणि इकडच्या गावकऱ्यांनी नाव बदललं. हापसा आटला, नाव टिकलं. आणि भूगोलाचा मास्तर मात्र आजही डोकं धरतो की पश्चिम किनाऱ्यावरची ही माणसं 'ईस्ट' कशी? त्याला उत्तर म्हणून एक चमचा बॉटल मसाला द्यावा. वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कुटून, बियरच्या गडद रंगाच्या बाटलीत ठासून भरलेला तो मसाला. एकदा रश्श्यात पडला की दिशांचे प्रश्न सुटतात.

वाडीत एके काळी पासष्टेक घरं होती, असं म्हणतात. आता तिशीच्या आत आली आहेत. बाकीच्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. १९९५ साली मुंबईला वारसा नियमावली मिळाली आणि खोताची वाडी वारसा म्हणून कागदावर आली. तेव्हापासून शनिवार-रविवारी तिथं हेरिटेज वॉकवाले येतात. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली, आणि चेहऱ्यावर अजिंठ्यात शिरल्याचा भाव. एका रविवारी मी अशाच एका घोळक्याच्या मागे उभा होतो. एका घराच्या पडवीत एक आजीबाई पाटावर बसून, मांडीशी परात घेऊन बोंबील साफ करत होत्या. घोळक्यातल्या एका मुलीनं अतिशय हळू आवाजात, देवळात बोलावं तसं विचारलं, "आँटी, इथं अजून माणसं राहतात?"

आजीबाईंनी बोंबलाचं डोकं उडवलं, मान वर केली आणि म्हणाल्या, "नाय बाय, आमी नाटकातली. पाच वाजता पडदा पडतो."

मुलीनं ते वहीत लिहून घेतलं.

याच वाडीत अनंताश्रम होतं. गोव्या-मालवणकडची मासळी खाऊन हात न धुता घरी यावं असं वाटायला लावणारं. तिथं गप्पा मारायला नव्हे, जेवायला यायचं असतं, हे गिऱ्हाइकाला न सांगता समजायचं. वाडीतला फेरफटका हल्ली त्या जागेपाशी थांबतो आणि सांगणारा सांगतो, 'इथं होतं.' ऐकणारे बंद दाराचा फोटो काढतात. फोटोत सुरमई येत नाही.

'इथं होतं' हे ठाकूरद्वारच्या बोलीतलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे, कारण इथला पत्ता असलेल्या वस्तूंवरून सांगायची पद्धतच नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीत उभे असतात. खाली कुरियरचा मुलगा मोबाइलवरचा नकाशा उलटा-सुलटा करत असतो.

"काय हवंय रे?"

"काका, हा पत्ता जरा सांगा ना. नकाशा गोल फिरवतोय."

"असं कर. सरळ जा. मॅजेस्टिक लागेल, म्हणजे लागायचं. तिथं 'आलम आरा' लागला होता. एकतीस साली, चौदा मार्चला. हिंदुस्थानातला पहिला बोलपट! तिथून ट्रामच्या रुळांच्या डाव्या बाजूनं..."

"रूळ कुठायत काका?"

"उखडले. चौसष्ट साली, एकतीस मार्चला शेवटची ट्राम गेली. तर रुळांच्या डाव्या अंगानं चाल, म्हणजे इराण्याचं हॉटेल यायचं..."

मुलगा अदबीनं ऐकतो, काकांना हात करतो आणि पार्सल पानवाल्याकडे ठेवून निघून जातो. पानवाला उत्तर प्रदेशातला असला तरी त्याला सगळं माहीत असतं, कारण तो आज काय आहे ते बघतो. काकांच्या नकाशाचं तसं नाही. त्यांच्या नकाशावर १९१३ साली सँडहर्स्ट रोडवर कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' अजून लागलेला आहे. काकांचा जन्म त्यानंतर तीस वर्षांनी झाला ही अडचण किरकोळ. आमच्या रस्त्याचं नाव जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्यावरून जगन्नाथ शंकरशेट मार्ग, हे नानांच्या उपकाराला धरूनच आहे. ज्या कंपनीची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तिचे नाना एक संचालक. तरी नानांचं नाव दिलेलं मेट्रो स्टेशन आहे मुंबई सेंट्रलला. आमच्या खालून २०२५ च्या ऑक्टोबरात मेट्रो धावू लागली; एक स्टेशन काळबादेवी, दुसरं गिरगाव, आणि ठाकूरद्वार हे नाव कुणालाच नाही. या मेट्रोसाठी गावातल्या काही जुन्या इमारती गेल्या, आठ-दहा वर्षं पत्र्यांच्या भिंतींमधून वाट काढावी लागली. काका एकदा सरकत्या जिन्यानं खाली जाऊन, थंडगार फलाटावर पाच मिनिटं उभे राहून वर आले. "स्वच्छ आहे," म्हणाले. "पण खाली कोणी ओळखीचं नाही."

आता मूळ दुखण्याकडे. एवढं सगळं असून आमचं इतिहास मंडळ का नाही? मंडळ काढायचं तर पहिल्या बैठकीत एका सालावर एकमत व्हावं लागतं, आणि तिथंच घोडं पेंड खातं. निर्विवाद म्हणावी अशी गोष्ट एकच. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईतला सार्वजनिक गणपती बसला. हे सगळे मान्य करतात, आणि लगेच 'पण' म्हणतात. पण आमच्या वाडीचा त्याच वर्षी बसायचा होता, वर्गणी कमी पडली. पण आमची मूर्ती त्यांच्यापेक्षा शाडूची. लोकमान्य १९०१ साली त्या चाळीत येऊन गेले. त्या दिवशी टिळकांना आपल्या हातानं पाण्याचा तांब्या देणारे आजोबा गिरगावातल्या घराघरांतून इतके निघाले आहेत, की लोकमान्यांना पाणी पिण्याखेरीज दुसरं काही करायला सवड मिळाली असेल असं वाटत नाही. आमच्या आजोबांनीही दिलं होतं. तांब्या माझ्या थोरल्या काकूंकडे आहे. तो दुसऱ्या काकूंकडेही आहे.

तर गावचा इतिहास सांभाळतं कोण? इथं इंग्रजी खेडं आणि ठाकूरद्वार यांच्या वाटा फुटतात. तिकडे पिढीजात गावकऱ्याला हापशाचं काही पडलेलं नसतं. लंडनच्या एखाद्या पेढीतून निवृत्त होऊन, खेड्यात कौलारू घर विकत घेऊन राहायला आलेला गृहस्थ मंडळ काढतो, चर्चची दप्तरं उपसतो आणि मूळ गावकऱ्याला त्याच्याच खापरपणजोबाचं नाव सांगतो. आमच्याकडे नेमकं उलटं. इथं राहणाऱ्याला इतिहासाशी कर्तव्य नसतं. त्याला पाणी किती वाजता येणार हे हवं असतं. इतिहास असतो तो गाव सोडून गेलेल्यांकडे.

हे लोक डोंबिवली, मुलुंड, बोरिवली, विरार असे पसरलेले आहेत. या सगळ्या प्रदेशाला मी ठाकूरद्वार खुर्द म्हणतो. दीडशे चौरस फुटांच्या खोलीत नऊ माणसं झाली तेव्हा थोरल्यानं खोली सोडली आणि लोकल धरली. पहिली पाच वर्षं तो मोकळ्या हवेचं कौतुक करत होता. सहाव्या वर्षी त्याला गॅलरी आठवू लागली. दहाव्या वर्षापर्यंत सामाईक संडाससुद्धा रम्य होतो. आज बुद्रुकातल्या माणसापेक्षा खुर्दातल्याला ठाकूरद्वार जास्त पाठ असतं. मसालेवाल्या बेडेकरांचा धंदा १९१० सालचा, हे तोच सांगतो. फणसवाडीच्या तोंडावर 'विनय'मध्ये मिसळीला रांग लावून शेजारच्या अनोळखी माणसाला "आम्ही मूळचे मुंबई चारचे" असं न विचारता सांगणाराही तोच. गुढीपाडव्याला पहाटे पहिल्या लोकलनं नऊवारीत, फेट्यात, नथीत हे खुर्दकर उतरतात आणि शोभायात्रेत ढोलांच्या मागून 'आपल्या' रस्त्यावरून चालतात. गॅलरीत बुद्रुककर बनियनवर उभा राहून चहा पीत त्यांच्याकडे बघत असतो. त्याला ढोलानं झोपमोड झालेली असते, आणि खालून जाणाऱ्यांच्या डोळ्यांत त्याच्या गॅलरीबद्दल पाणी आलेलं असतं.

गेल्या महिन्यात आमच्या चाळीची पुनर्विकासाची सभा झाली, तेव्हा हे दोन्ही गाव पहिल्यांदा समोरासमोर बसले. बिल्डरनं चारशे पाच फूट कार्पेट सांगितलं होतं. बुद्रुककरांनी चारशे तीस मागितलं. खुर्दाहून आलेले मोठे काका उठले आणि गहिवरून म्हणाले, "जागेचं सोडा. या लाकडी जिन्याचं काय? या कठड्याला टेकून माझ्या आईनं..."

"काका, तिसरी पायरी गेल्या पावसाळ्यात गेली," तळमजल्यावरची वहिनी म्हणाली. "तुम्ही आज वर कसे आलात?"

"सवय आहे गं. ती पायरी गाळूनच चढतो आम्ही लहानपणापासून."

अखेर तडजोड निघाली. नव्या इमारतीच्या दर्शनी भागात चाळीचा इतिहास सांगणारी एक संगमरवरी पाटी लावायची. ठराव एकमतानं पास. मग मजकूर. चाळ कोणत्या साली बांधली यावर तीन सालं पुढं आली, तिन्हींना साक्षीदार होते. दोन खोल्यांच्या वारसांमध्ये खोली कुणाच्या नावावर हा जुनाच विषय मध्येच निघाला आणि अर्धा तास गेला. शेवटी साल न घालता 'फार जुनी' असं लिहायचं ठरलं. त्यात शुद्धलेखनाचा प्रश्न नव्हता, म्हणून तेही पास झालं. पाटीचा खर्च खुर्दकरांनी उचलायचा असं बुद्रुककरांनी सुचवलं. पाटी बुद्रुकात लागणार, तेव्हा खर्च बुद्रुकाचा असं खुर्दकरांचं म्हणणं पडलं. बिल्डरच्या माणसानं हळूच टॉवरचं नियोजित नाव दाखवलं. इंग्रजी नाव होतं, शेवटी 'कंट्री' होतं. म्हणाला, गावाकडचा फील येतो, लोकांना आवडतो.

सभा तहकूब झाली. तेवढ्यात चारचं पाणी आलं.